सहावर थांबलेला काटा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला त्याचं काही नाही. पण मी हे का लिहितोय ते शेवटी सांगणार आहे, आणि तेवढं तरी ट्रकवाल्यांनी नीट वाचावं.

तारीख ११ जानेवारी २०२४. गुरुवार. ठिकाण रायपूर, उरला इंडस्ट्रियल एरिया.

भुताच्या गोष्टी मध्यरात्रीच्या असतात म्हणे. ही सकाळी सव्वासहाची आहे. चहाच्या टपऱ्या उघडल्या होत्या. रात्रपाळीची माणसं सायकलीवरून घरी चालली होती. अशा वेळी माझे हातपाय गार पडतील असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याची टर उडवली असती.

मी नीलकंठ. वय सत्तेचाळीस. वडील रेल्वेत होते, वर्ध्याहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात, दुकान उरल्यात. ट्रकची वायरिंग, सेल्फ, मीटर दुरुस्त करतो. बावीस वर्षं हेच काम. स्वभावानं थोडा तिरसट आहे. बायको, इंदू, म्हणते, थोडा नाही.

तर त्या सकाळी माझ्या मेव्हण्याचा, शार्दूलचा फोन आला. वय एकोणतीस. नोकरी सोडून त्यानं महिन्यापूर्वी एक जुना ट्रक घेतला होता. अपघातात सापडलेली गाडी, पण केबिन नवी बसवून, रंग मारून यार्डात उभी होती. मला न विचारता घेतली, म्हणून मी आधीच चिडलेलो होतो.

"भाऊजी, जल्दी या न. गाडीचा काटा पागल झाला."

"कोणता काटा?"

"हवेचा. उलटा चालून राहिला."

"उलटा काटा नसतो रे. तुझं डोकं उलटं असन."

पण तो हसला नाही. शार्दूल माझ्या प्रत्येक फालतू बोलण्यावर हसतो. तेव्हा नाही हसला.

हवेचा काटा म्हणजे काय, ते आधी सांगतो. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन सुरू झालं की कंप्रेसर टाकीत हवा भरतो, आणि किती भरली ते डॅशबोर्डवरचा काटा दाखवतो. शून्य ते दहा. काटा सहाच्या वर गेल्याशिवाय शहाणा ड्रायव्हर गाडी हलवत नाही. हवा कमी असली की एक बजर वाजतो. कर्कश. हवा भरेपर्यंत गप्प बसत नाही.

आणि एक लक्षात ठेवा. जुन्या गाड्यांत हा काटा विजेवर चालत नाही. टाकीतून एक बारीक नळी येते, ती त्याच्या पाठीला जोडलेली असते. हवा आली तर काटा हलतो.

हवा नाही, तर काटा नाही.

मी पोचलो तेव्हा धुकं होतं. ट्रक माझ्या दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत उभा. त्याच्यावर रात्रभर उरल्यातल्या कारखान्यांची काळी धूळ बसलेली. शार्दूल गाडीपासून दहा पावलं लांब उभा होता. स्वतःच्या गाडीपासून.

"टाकी खाली केली होती का काल?"

"हव. संध्याकाळीच. नळ अभी भी खुला आहे."

गाडी उभी केली की टाकीच्या खालचा नळ उघडून हवा आणि पाणी काढून टाकायचं, हा नियम त्याला मीच शिकवला होता. मी खाली वाकून पाहिलं. नळ उघडा. टाकी रिकामी. हवेचा सुस्कारासुद्धा नाही.

मी केबिनमध्ये चढलो. काटा शून्यावर होता. जिथे असायला हवा तिथेच.

चावी लावली. एक घर फिरवली. इंजिन सुरू केलं नाही, फक्त लाल दिवे लागले.

आणि काटा उठला...

एक. दोन. तीन. अगदी सावकाश.

सहावर येऊन थांबला.

मी काचेवर टिचकी मारली. कधी कधी काटा अडकतो. पण अडकलेला काटा चढत नाही. मी पाना काढला, डॅशबोर्डखाली हात घातला आणि काट्याच्या पाठीची नळी सोडवली. आता त्याला ना हवा होती, ना करंट.

काटा सहावरच.

"पाहिलं न?" शार्दूल खालून म्हणाला. "अब स्टार्ट करा."

खरं सांगतो, मला स्टार्ट करायचं नव्हतं. पण मेव्हण्यासमोर घाबरायचं कसं? मी सेल्फ मारला. इंजिन धडधडलं. आता कंप्रेसर चालू झाला होता. काटा हललाच तर वर जायला हवा होता.

फुस्स...

हा आवाज ट्रकवाले ओळखतात. ब्रेक दाबून सोडला की हवा सुटते, तो आवाज. काटा सहावरून पाचावर आला. एकदम. झटका दिल्यासारखा.

फुस्स...

चार.

माझे दोन्ही पाय मी सीटवर ओढून घेतले होते. ब्रेकला माझा पाय लागलेला नव्हता.

फुस्स... फुस्स...

कोणीतरी ब्रेक मारत होतं. घाईघाईनं. पुन्हा पुन्हा. आणि दर वेळी हवा कमी होत होती. तीन. दोन. एक.

मग आवाज बंद झाला. काटा शून्यावर.

मी चावी काढली. खाली पाहिलं. ब्रेकच्या पेडलवरही काळी धूळ बसलेली होती.

त्या धुळीत पावलाचा ठसा होता. अनवाणी पावलाचा. पाचही बोटं वेगळी दिसत होती.

शार्दूल बूट घालून गाडी चालवतो. माझ्या पायात चप्पल होती.

मी स्वतःला समजावलं. वायरिंगवाल्या माणसाला एकच औषध माहीत असतं, उघडून बघायचं. मी डॅशबोर्डचे स्क्रू काढले, पत्रा पुढे ओढला आणि टॉर्च मारला.

आत एक वायर कापलेली होती. बजरची वायर. तिच्या टोकाला हिरवी टेप गुंडाळलेली. दोन वेढे, आणि शेवटी शेपटी दुमडून ठेवलेली, म्हणजे पुढे कधी सोडवायची झाली तर नखानं सुटावी.

उरल्यात अशी टेप फक्त एक माणूस लावतो.

ती टेप माझी होती.

केबिन नवी होती, रंग नवा होता, पण आतला डॅशबोर्ड जुनाच बसवला होता. आणि मला ती गाडी ओळखू आली.

दोन वर्षांपूर्वी बिसाहू नावाचा ड्रायव्हर ही गाडी माझ्याकडे घेऊन आला होता. छत्तीसगढी माणूस, बीरगावात राहायचा. हसतमुख. गाडीत चढण्याआधी चप्पल पायरीखाली काढून ठेवायचा. गाडी लक्ष्मी आहे म्हणायचा, तिच्यात चप्पल कशी न्यायची? ब्रेक, क्लच, सगळं अनवाणी पायानं.

"भैया, ए बजर ला बंद कर दे न," तो म्हणाला होता. "दिनभर बाजथे. मूड़ पिरा गे."

दिवसभर वाजून डोकं दुखवतो, म्हणजे कुठेतरी हवा गळते आहे. एवढं मला कळत होतं. मी म्हटलंही, आधी नळ्या बघून घे.

"बाद में देखहूं. कांटा ला तो देखत रहिथंव न, भैया."

काट्याकडे तर मी बघतच असतो, असं म्हणाला. आणि मी वायर कापली. दोन मिनिटांचं काम. सगळेच कापतात. आवाजाचा त्रास झाला की ड्रायव्हर इलेक्ट्रिशियनकडे येतात आणि आम्ही कापून देतो. त्यात काही चूक आहे असं त्या दिवशी माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

अकरा दिवसांनी बिसाहू गेला. पुलाच्या उतारावर ब्रेक लागला नाही. समोर उभ्या ट्रेलरखाली केबिन शिरली. लोक म्हणाले, हवा उतरली असेल, त्याचं लक्ष नसेल.

मी गप्प बसलो. इंदूलाही सांगितलं नाही. बायकोला सांगितलं नाही म्हणजे स्वतःलाही सांगितलं नाही.

आता टॉर्चच्या उजेडात ती हिरवी शेपटी दिसत होती आणि शार्दूल पायरीवर चढून विचारत होता, "काय सापडलं, भाऊजी?"

इथे मी जे केलं, त्याची मला आजही लाज वाटते.

बजर जागेवरच होता. वायर जोडायला पाच मिनिटं लागली असती. पण मग तो विचारणार होता, कोणी कापली? टेप तर त्याच्या ओळखीची. लहानपणी सुट्टीत माझ्याच दुकानात बसायचा. मी वायर आत ढकलली.

"काटा खराब आहे," मी म्हटलं. "बदलून देतो."

"और वो आवाज?"

"व्हॉल्व्ह चिकटला असन. अभी ठीक होईन."

मी पेडलवरचा ठसा फडक्यानं पुसला. नवा काटा बसवला, टाकीचा नळ बंद केला. स्टार्ट केल्यावर काटा छान चढला आणि आठावर थांबला. आवाज नाही, काही नाही. संध्याकाळी शार्दूल जेवायला बसला की गुपचूप बजर जोडून टाकू, असं मी ठरवलं. त्याला सळया भरून नवा रायपूरला पोचवायच्या होत्या. गाडीचा पहिलाच लोड. त्यानं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हात हलवून निघून गेला.

जुना काटा मी थैलीत टाकला. दुकानात ठेवावासा वाटला नाही. फेकावासाही वाटला नाही.

दुपारी एक वाजता मी घरी जेवायला बसलो. थैली फ्रिजवर ठेवली होती. इंदू पोळी वाढता वाढता थांबली.

"अहो, हे काय आणलं? घड्याळ आहे का?"

"मीटर आहे. खराब."

"खराब कुठं? चालून राहिलं न."

मी मान वर केली. थैलीचं तोंड उघडं होतं. आत काचेखाली काटा दिसत होता.

सहावर.

मागे नळी नाही. वायर नाही. ट्रक वीस-पंचवीस किलोमीटर लांब. हातातला घास मी ताटात ठेवला.

स्वयंपाकघरातून आवाज आला...

फुस्स.

"कुकर झाला वाटते," मी म्हटलं.

"काहून? मी तर कुकर लावलाच नाही आज."

काटा पाचावर आला.

मी शार्दूलला फोन लावला. उष्टा हात, स्क्रीनवर बोट लागेना. रिंग जात राहिली. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला.

फुस्स... चार.

इंदू स्वयंपाकघराकडे बघत उभी होती. तिलाही ऐकू येत होतं. हे मी मुद्दाम सांगतोय. मला एकट्याला नाही, तिलाही.

तिसऱ्या वेळी त्यानं उचलला. "बोला भाऊजी. चाय के लिए रुका था, अभी निकला."

"गाडी थांबव."

"काय?"

"थांबव म्हणतो न! ब्रेक नाही लागणार. गिअर खाली कर, बाजूला घे."

"अरे काटा आठ पे है. नवीनच तर लावला तुमी."

"काट्याकडे नको पाहू! पाय ठेवून पाह ब्रेकवर!"

फुस्स... तीन. हा आवाज फोनमधून आला की स्वयंपाकघरातून, मला अजूनही सांगता येत नाही.

"काहून, पण झालं काय?"

आता लपवायला जागा नव्हती. समोर इंदू, फोनवर तिचा भाऊ.

"त्या गाडीत बिसाहू मेला," मी ओरडलो. "बजरची वायर मी कापली होती. मीच. आज सकाळी दिसली, तरी मी जोडली नाही. शार्दूल, थांबव रे गाडी... पाया पडतो तुझ्या."

पलीकडून ब्रेकवर पाय आपटल्याचा आवाज. मग त्याचा आवाज, एकदम लहान मुलासारखा.

"भाऊजी... पाय पूरा नीचे गया. ब्रेक नाही आहे."

मग गिअर ओरडल्याचा आवाज. हॉर्न. सळयांचा खणखणाट. फोन कट झाला.

काटा शून्यावर गेला.

सात मिनिटांनी त्याचा फोन आला. ती सात मिनिटं मी आणि इंदूनं एकमेकांकडे बघितलं नाही.

तो वाचला. नवा रायपूरचे रस्ते रुंद, गाड्या कमी. त्यानं गिअर उतरवत आणला आणि रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात ट्रक घातला. पुढे शंभर पावलांवर चौक होता. तिथे बस उभी होती आणि माणसं चढत होती. हवेची नळी फाटली होती. टाकीत हवा नव्हती.

नवा काटा मात्र आठावरच होता. मी जाऊन पाहिला. अडकला होता. नवीन माल कधी कधी असा निघतो. निघतो ना? मी स्वतःला तेच सांगितलं.

पण चहाला थांबला तेव्हाच हवा गळून गेली असणार; गाडी हलवताना बजर वाजला असता, तर तो निघालाच नसता.

घरी आलो तेव्हा इंदू दारातच होती. "तुमी त्याले तसंच जाऊ देल्लं?" एवढंच म्हणाली. नंतर तीन दिवस बोलली नाही. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात मी बीरगावला बिसाहूच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ओ तो कहत रिहिस, नीलकंठ भैया बने मनखे हे." तो म्हणायचा, नीलकंठ भैया चांगला माणूस आहे. तिच्या दाराशी एक चपलांचा जोड ठेवलेला होता. पुरुषाचा. मी विचारलं नाही.

शार्दूलच्या गाडीत बजर जोडला. आता तो वाजतो. मी कोणाची वायर कापत नाही. ड्रायव्हर हसतात, पुढच्या दुकानात जातात.

जुना काटा अजून आमच्या फ्रिजवरच आहे. इंदू म्हणते, खारून नदीत टाकून या. मी टाकत नाही. टाकला तर कळणार कसं?

इतके महिने तो शून्यावर होता. मी रोज बघायचो.

आज सकाळी दहा वाजता बघितलं...

सहावर आहे.

शार्दूलला लगेच फोन केला. तो घरी आहे. त्याचा ट्रक माझ्या दुकानाशेजारी उभा आहे, आणि त्याची चावी माझ्या खिशात आहे.

मग ही कोणाची गाडी?

बावीस वर्षांत मी किती बजर कापले, मला आठवत नाही. बिसाहू एकटाच नव्हता. कोणाचं नाव माहीत नाही, कोणाचा नंबर नाही. फोन कोणाला करू?

म्हणून हे लिहितोय. तुमच्या ट्रकचा बजर वाजत नसेल, तर गाडी हलवू नका. डॅशबोर्ड उघडा. आत हिरवी टेप दिसली, दोन वेढ्यांची, शेपटी दुमडलेली, तर ती माझी आहे. नखानं सुटते. वायर जोडून घ्या. हे वाचणारा कोणी ट्रक चालवत नसेल, तर चालवणाऱ्याला दाखवा. आत्ता दाखवा.

काटा सहावर आहे म्हणजे चावी लागली आहे. इंजिन अजून सुरू व्हायचं आहे.

इंदू नागपूरला बहिणीकडे गेली आहे. घरात मी एकटा. गॅस बंद आहे, कुकर फडताळात आहे.

आत्ता स्वयंपाकघरातून आवाज आला...

काटा पाचावर आला आहे.